हिरडीचा रोग की मज्जेचा? एका दाताची दुहेरी व्याधी

हुबळी मागे टाकून धारवाडच्या वाटेला लागलेला प्रवासी विद्यानगर ओलांडून उणकलपाशी पोहोचला म्हणजे त्यास तलावाचे विस्तीर्ण पाणी दिसते, वस्तीच्या आत चालुक्यकालीन चंद्रमौळीश्वराचे देवालय आहे असे कोणीतरी आवर्जून सांगते, आणि तोच हमरस्ता आणखी काही मैल धारवाडच्या दिशेने धरला तर सत्तूर येथे श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर दंतवैद्यक महाविद्यालय व त्यास जोडलेले रुग्णालय लागते. १९८६ साली स्थापन झालेली ही संस्था हुबळी-धारवाड या जोडशहराला आणि भोवतालच्या तालुक्यांना दंतोपचाराचा मोठाच आधार आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळापासून आणि त्याच्याही पूर्वीपासून येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत आजही नांदत आहेत. दात दुखू लागला म्हणजे त्यांच्याही घरी पहिला इलाज लवंगेच्या तेलाचा, दुसरा मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा, तिसरा औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा आणि चौथा दात उपटून टाकण्याचा, असाच क्रम चालत आलेला आहे. या चौथ्या इलाजापर्यंत जाऊन पोहोचलेल्या कित्येक दातांची कैफियत वेळीच नीट ऐकून घेतली असती तर ते वाचू शकले असते, अशी माझी खात्री आहे, आणि ती कैफियत सामान्य वाचकासमोर मांडावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या दाताविषयी येथे लिहावयाचे आहे तो बहुधा दाढ असतो आणि त्याचा धनी बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. दाढ हलते, चावताना ती उंच झाल्यासारखी लागते, तिच्याजवळची हिरडी सुजलेली असते, बोटाने दाबले असता पू येतो आणि तोंडाला घाण चव राहते, ही त्याची तक्रार. परंतु या एकाच तक्रारीमागे दोन अगदी निरनिराळे इतिहास असू शकतात. एकाचा इतिहास असा की वर्षा-दोन वर्षांपूर्वी दाढेला कीड लागली, गार पाण्याची कळ येऊ लागली, पुढे गरम चहाही सोसेना, काही रात्री झोपेविना गेल्या आणि मग एके दिवशी वेदना आपोआप थांबली, तेव्हा ‘दाढ बरी झाली’ असे समजून त्याने तो विषय मनातून काढून टाकला. दुसऱ्याला ठणका म्हणून कधी ठाऊकच नाही. फक्त दात घासताना अनेक वर्षे रक्त येत होते, दातांच्या मुळाशी पिवळे-काळे कीटण साचत होते, हिरड्या हळूहळू खाली सरकत होत्या, आणि दुखत नाही तोवर दंतवैद्याकडे कशाला जावयाचे, या समजुतीने त्याने तेवढी वर्षे घालविली. पहिल्याचा रोग दाताच्या आत सुरू होऊन बाहेर आला आहे, दुसऱ्याचा बाहेर सुरू होऊन आत शिरला आहे किंवा शिरण्याच्या बेतात आहे. आणि शेवटी दोघेही त्याच खुर्चीवर, तीच सूज व तोच पू घेऊन बसलेले आहेत. उपचार करणाऱ्याने हा भेद ओळखला नाही तर एकाचा इलाज दुसऱ्यावर होतो, आणि त्याने नुसताच वेळ वाया जात नाही, तर वाचू शकणारा दात कायमचा बिघडतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी दाताची रचना थोडी तपशिलाने पाहावयास हवी. वरचे कठीण इनॅमल आणि त्याखालचे डेंटिन यांच्या आत एक पोकळी असते, तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला मृदू, सजीव गर असतो. लोक त्याला दाताची नस म्हणतात, आपण येथे दंतमज्जा म्हणू. ही मज्जा मुळांमधील अरुंद नलिकांतून खाली उतरते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून जबड्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडली जाते. मुळाच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटम नावाचे पातळ आवरण असून, त्यात एका बाजूने रुतलेले व दुसऱ्या बाजूने हाडात रुतलेले असंख्य तंतू दाताला त्याच्या जागी धरून ठेवतात. हिरडी या सर्वांवर वरून झाकण घालते, आणि निरोगी अवस्थेत हिरडी व दात यांच्यामधील फट एक ते तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसते.

आतील मज्जा आणि बाहेरील आधार ही अशी दोन स्वतंत्र क्षेत्रे दिसत असली तरी त्यांच्यामधील सरहद्द मुळीच बंद नाही. मुळाच्या टोकाचे छिद्र हा राजमार्ग झाला. त्याशिवाय मुख्य नलिकेतून बाजूला फुटणाऱ्या बारीक पार्श्वनलिका असतात, दाढांत दोन मुळे जिथे विलग होतात त्या जागीही अशा वाटा आढळतात, आणि डेंटिनमध्ये तर प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे हजारोंच्या संख्येने सूक्ष्म नळ्या असतात. ब्राझीलमधील दे देउस या संशोधकाने १९७५ साली ११४० दातांची तपासणी प्रसिद्ध केली, तीत २७.४ टक्के दातांत अशा उपनलिका आढळल्या आणि त्यांतील बहुसंख्य मुळाच्या टोकाजवळ होत्या. जंतूंना आणि त्यांच्या विषारी द्रव्यांना या वाटा पुरेशा आहेत.

आपल्या प्राचीन वैद्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता, तरीही या विषयात त्यांचे निरीक्षण किती दूरवर गेले होते हे पाहून आदर वाटतो. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांत दंतमुळांचे पंधरा आणि प्रत्यक्ष दातांचे आठ अशी वेगवेगळी खाती मांडलेली आहेत. किडलेला दात एका खात्यात, रक्त व पू वाहणारी, दात सैल करणारी हिरडी दुसऱ्या खात्यात. परंतु हिरडीत पूवाहक मार्ग पडणे, म्हणजे नाडी, ही व्याधी दंतमुळांच्या खात्यात घालूनही तिच्या चिकित्सेत सुश्रुताने ज्या दाताशी नाडी झाली असेल तो दात काढावयास सांगितले आहे, आणि दुर्लक्ष केल्यास ती नाडी जबड्याच्या हाडापर्यंत शिरते असा इशाराही दिला आहे. हिरडीत दिसणाऱ्या पुवाचे मूळ दातात असू शकते हे त्याने जाणले होते, असाच याचा अर्थ मी करतो. दात न काढता आतील मूळ नष्ट करण्याचे साधन त्या काळी नव्हते, म्हणून उपाय एकच उरत होता.

पाश्चात्त्य वैद्यकातही दात काढण्याचा हुकूम फार सहज सुटे असा एक काळ होऊन गेला. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथे केलेल्या व्याख्यानात तोंडातील पुवाळ केंद्रांपासून शरीरात अनेक रोग पसरतात असे प्रतिपादन केले, आणि त्यानंतरची दोन-तीन दशके मज्जा मेलेला प्रत्येक दात संशयित ठरून लक्षावधी दात उपटले गेले. त्या लाटेतून बाहेर पडून दाताकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्यास पुढे वेळ लागला. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ले व फिट्झजेराल्ड यांनी एक निर्णायक प्रयोग केला: नेहमीच्या उंदरांच्या दातांतील मज्जा उघडी केली तेव्हा ती सडून मेली, परंतु जन्मापासून जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत उघडी पडलेली मज्जा जिवंत राहिली आणि तिने स्वतःवर नव्या डेंटिनचा पूलही बांधला. मज्जेच्या मृत्यूचे कारण जंतू आहेत, हे यावरून निर्विवाद झाले. आणि जंतू काढून टाकले तर दात ठेवता येईल, या आशेला भक्कम आधार मिळाला.

हिरडी व मज्जा यांच्या संयुक्त विकारांची आजही वर्गांत शिकविली जाणारी मांडणी सायमन, ग्लिक व फ्रँक या तिघांनी १९७२ साली केली. रोग मूळ मज्जेचा आहे, मज्जेचा असून पुढे हिरडीतही उतरला आहे, मूळ हिरडीचा आहे, हिरडीचा असून पुढे मज्जेतही गेला आहे, की दोन्ही स्वतंत्रपणे निर्माण होऊन मुळावर एकमेकांस भेटले आहेत, असा प्रश्न त्यांनी वैद्यापुढे ठेवला. २०१७ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे अमेरिकेच्या आणि युरोपच्या हिरडीरोगतज्ज्ञांची जी संयुक्त सभा भरली तिने मात्र इतिहासापेक्षा वर्तमान अवस्थेवर भर दिला: मुळाला चीर किंवा भोक पडले आहे काय, रुग्णाला अन्यत्र हिरडीरोग आहे काय, आणि हिरडी व दात यांच्यामधील खोल झालेली फट, म्हणजे खळगा, एकाच बाजूस अरुंद आहे, रुंद आहे की एकाहून अधिक बाजूंना पसरला आहे, एवढ्यावर तिने वर्गवारी केली. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही मांडण्या उपयोगाच्या आहेत. भवितव्य सांगावयास दुसरी बरी, परंतु इलाजाचा क्रम ठरवावयाचा असेल तेव्हा रोग कोठून निघाला हा जुना प्रश्न टाळता येत नाही.

आता तपासणीकडे वळू, कारण या साऱ्या प्रकरणाचा फैसला तेथेच होतो. दंतवैद्य पहिल्याने जे विचारतो ते दाताची मज्जा जिवंत आहे काय हे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री फारशी महाग नाही. कापसाच्या बोळ्यावर गारठविणारा फवारा मारून किंवा बर्फाची बारीक कांडी धरून तो दाताला गारवा लावतो. निरोगी दातास गारवा क्षणभर जाणवतो आणि कांडी काढताच जातो. सुजलेल्या मज्जेत कळ उठते व कांडी काढल्यावरही रेंगाळते. मेलेल्या मज्जेला काहीच कळत नाही. शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या तशाच दाढेवर हीच चाचणी करून ताडून पाहतात, कारण प्रत्येक माणसाची संवेदना वेगळी असते. विजेच्या अत्यल्प प्रवाहाने होणारी चाचणीही आहे. परंतु दाढेला दोन-तीन मुळे असल्यामुळे एका मुळातील मज्जा मेलेली आणि दुसऱ्यातील जिवंत असे घडते, आणि दातावर कॅप बसविलेली असेल तर चाचणी फसते, म्हणून कुशल वैद्य एका चाचणीवर विसंबत नाही.

दुसरी तपासणी हिरडीच्या खळग्याची. आकडे कोरलेली बोथट टोकाची सळई, जिला प्रोब म्हणतात, ती हिरडी व दात यांच्या फटीत अलगद सोडून दाताच्या भोवती पावलापावलाने फिरवितात. दाताच्या सर्व बाजूंनी फट दोन-तीन मिलिमीटरच आहे आणि एका ठिकाणी मात्र सळई एकाएकी आठ-दहा मिलिमीटर आत उतरते, असा अरुंद खोल मार्ग बहुधा मज्जेतील पुवाने स्वतःला करून घेतलेली वाट असते, नाहीतर मुळाला उभी चीर गेलेली असते. खळगा रुंद आहे, शेजारच्या दातांभोवतीही तसेच खळगे आहेत आणि मुळावर कीटणाचा थर लागतो, तर हिरडीचा रोग जुना समजावा. हिरडीवर पुटकुळी असेल तर तिच्या तोंडातून गट्टापर्चाची बारीक कांडी आत सरकवून क्ष-किरण चित्र घेतात. कांडी जिथे जाऊन थांबते ते पुवाचे उगमस्थान. गट्टापर्चा हा मलाया द्वीपकल्पाकडील झाडांचा चीक. एके काळी समुद्राखालच्या तारांवर गुंडाळण्यासाठी त्याला फार मागणी होती, आणि आज मुळाची साफ केलेली नलिका भरण्यासाठी तोच वापरतात. क्ष-किरण चित्र अत्यंत मोलाचे आहे, परंतु ते एकटे पुरावा म्हणून घेण्यात धोका आहे, कारण हाड झिजलेले दिसते तेवढे दिसते. ते आतून झिजले की बाहेरून, हे चित्र नेहमी सांगत नाही.

आणि येथेच उपचाराच्या क्रमाचे महत्त्व येते, जे सामान्य रुग्णास कोणी सहसा समजावून देत नाही. मज्जा मेलेली आहे, खळगा अरुंद आहे, बाकीच्या हिरड्या निरोगी आहेत, अशा दातात मुळावरील तंतू आणि सिमेंटम बव्हंशी जिवंत असतात. त्यांच्यामधून पुवाने वाट काढली आहे एवढेच. अशा वेळी हिरडीत खळगा दिसला म्हणून उपकरण घालून मुळाचा पृष्ठभाग खरवडून काढला तर ते जिवंत तंतू नष्ट होतात, आणि एकदा गेलेले तंतू पूर्ववत जोडले जाणे फार दुर्घट आहे. उणकलच्या तलावावरील जलपर्णी दरवर्षी काढावी आणि आत येणारे सांडपाणी तसेच चालू ठेवावे, तसा हा प्रकार होतो: वरची घाण काढली, मूळ कायम राहिले. म्हणून येथे प्रथम रूट कॅनाल उपचार करावयाचा, मेलेली मज्जा आणि जंतू काढून टाकावयाचे, आणि मग हिरडीला हात न लावता दोन ते तीन महिन्यांची मुदत द्यावयाची. त्या मुदतीत ती पूवाहक वाट आपोआप बुजते, सळई पुन्हा वरच अडते, आणि सहा महिने ते वर्षभरात क्ष-किरण चित्रात हाडही भरून आल्याचे दिसू लागते. हलणारी, पुवाने भरलेली दाढ एका रूट कॅनालने घट्ट होते हे रुग्णाला चमत्कारासारखे वाटते. वस्तुतः तिचा आधार गेलेलाच नव्हता.

याच्या उलट, गारवा लावताच दात उत्तर देतो, मज्जा निःसंशय जिवंत आहे, पण भोवती रुंद खळगे आहेत, अशा दाताची नस काढण्याचे काहीच कारण नाही. लँगलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली असे दाखवून दिले की हिरडीरोग मुळाच्या टोकाच्या मुख्य छिद्रापर्यंत पोहोचत नाही तोवर मज्जा सहसा टिकून राहते. बाजूच्या नलिका उघड्या पडल्या तर तिच्यात ठिकठिकाणी सूज येते, चुनखडीसारखे साठे होतात, पण ती मरत नाही. म्हणून अशा दातावर दात साफ करणे, मुळे हिरडीखालीही स्वच्छ करणे आणि आवश्यक तर हिरडी उलगडून शस्त्रक्रिया करणे, एवढाच उपचार योग्य. दात हलतो म्हणून सरसकट रूट कॅनाल करण्याची सवय मला अनुचित वाटते. त्यात एक जिवंत अवयव विनाकारण मारला जातो आणि हिरडीचा रोग होता तसाच राहतो.

खरे कठीण काम तिसऱ्या प्रकारात, जिथे मज्जाही मेली आहे आणि हिरडीही जुन्या रोगाने खचली आहे. येथेही क्रम तोच: आधी मज्जा, मग हिरडी. कारण आत सडलेली मज्जा असेपर्यंत पार्श्वनलिकांतून व डेंटिनच्या नळ्यांतून जंतूंचा पुरवठा मुळाच्या पृष्ठभागास चालूच राहतो, आणि त्यावर केलेली हिरडीची शस्त्रक्रिया भरून येत नाही. नलिका उघडल्यावर तिच्यात सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण फिरवितात. हेच द्रव्य सौम्य प्रमाणात पहिल्या महायुद्धात डेकिन व कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी प्रचारात आणले होते, आणि मेलेले मांस विरघळविण्याचा त्याचा गुण येथे कामी येतो. त्यानंतर बहुधा एक-दोन आठवडे किंवा अधिक काळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात, ज्याचा उपयोग जर्मनीत हर्मान याने १९२० साली सुरू केला. विड्याच्या पानाला लावतो तो चुना रसायनदृष्ट्या हेच द्रव्य होय. अर्थात म्हणून घरी दातात चुना भरू नये, कारण त्याने हिरडी व गाल भाजतात. नलिका स्वच्छ होऊन भरली गेल्यावर हिरडीचा उपचार सुरू होतो आणि तो अधिक लांबतो: खोल सफाई, काही आठवड्यांनी फेरतपासणी, शस्त्रक्रिया, आणि हाडाच्या खळग्याचा आकार अनुकूल असेल तर त्यात हाडाची पूड भरून वर पातळ पडदा घालण्याची योजना. या दातांचे भवितव्य मज्जेपेक्षा हिरडीवरच अवलंबून असते, कारण आजचा रूट कॅनाल बहुतेक वेळा यशस्वी होतो, परंतु मुळाचा अर्ध्याहून अधिक आधार गेलेला असल्यास तो परत आणणे कोणाच्याच हाती नसते.

अशा प्रसंगी एका दाताला दोन तज्ज्ञ लागतात. आपल्या देशातील दंतवैद्यकीय शिक्षणात हिरडीरोगशास्त्र ही पदव्युत्तर शिक्षणाची एक शाखा आहे आणि दंतसंरक्षण व मज्जाचिकित्सा ही दुसरी. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्यास दोन्हींचे ज्ञान असते, पण सर्वत्र दोन्ही हातांचे कसब असतेच असे नाही. महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा मोठा फायदा येथे आहे: दोन्ही विभाग एकाच आवारात, केसपेपर एकच, आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने कमी. तोटाही सांगितला पाहिजे. खेपा अधिक पडतात, प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जातो, आणि रोजावर काम करणाऱ्याचा तेवढा रोज बुडतो. म्हणूनच पुष्कळ माणसे दात काढून मोकळी होतात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. मात्र दाढ गेल्यावर शेजारच्या दाढा त्या मोकळ्या जागेकडे कलतात, समोरची दाढ खाली उतरते, त्या बाजूने चावणे बंद होते, आणि पुढचा खर्च वाचविलेल्या खर्चाहून मोठा होतो, हे त्यांना निर्णयापूर्वी कोणीतरी सांगितले पाहिजे.

गोळ्यांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण या रोगात सर्वाधिक फसगत त्यांनीच होते. प्रतिजैविक औषध रक्तातून रोगस्थानी जाते. मेलेल्या मज्जेत रक्तप्रवाहच उरलेला नसतो, म्हणून नलिकेतील जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. गोळ्यांनी भोवतालची सूज उतरते, पुटकुळी सुकते, रुग्ण समाधान पावतो, आणि काही आठवड्यांनी सारे पुन्हा सुरू होते. मधल्या काळात हाड झिजतच असते. ताप येणे, जबड्याखाली कठीण सूज, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा, ही चिन्हे दिसली तर मात्र दंतवैद्याची तारीख मिळण्याची वाट न पाहता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे. उणकलकरांस विद्यानगरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. १८३६ साली लुडविग या जर्मन वैद्याने वर्णन केलेला जबड्याखालील हा पुवाळ प्रसार आजही प्राण घेऊ शकतो, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा खालच्या एका दाढेत असते.

या प्रदेशाच्या दृष्टीने तंबाखूचा विचार टाळता येत नाही. निपाणीचा तंबाखूचा व्यापार प्रसिद्धच आहे, आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची चाल मराठी घरांतून, विशेषतः वयस्क स्त्रियांत, अजून पुरती गेलेली नाही. कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखूची सवय बंदीने सुटत नाही. तंबाखूचा एक घातक गुण असा की ती हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे रोग असूनही रक्त येत नाही, हिरडी वरवर घट्ट दिसते आणि आत हाड वितळत राहते. शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्यासही तीच अडथळा करते. मधुमेह हा दुसरा अडथळा. अनियंत्रित साखरेने हिरडीचा रोग बळावतो, आणि हिरडीचा रोग साखर बिघडवितो. हिरडीवर नीट उपचार झाल्यास तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे ०.४ ने खाली येतो असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. मधुमेही माणसाने दंतवैद्यास हा आकडा सांगावा आणि मधुमेहाच्या डॉक्टरला हिरड्यांची अवस्था सांगावी.

सर्वच दात वाचतात असे नाही. मुळाला उभी चीर गेली असेल, आणि रूट कॅनाल झालेल्या, आत धातूचा खिळा बसविलेल्या दातांत ती पुष्कळदा जाते, तर त्या मुळाला इलाज नाही. पण दाढेला दोन मुळे असतील आणि एकच नासले असेल, तर दाढ मधोमध कापून नासका अर्धा भाग काढून टाकणे व उरलेल्या अर्ध्यावर कॅप बसविणे, असा एक सुंदर मार्ग खालच्या दाढांसाठी उपलब्ध आहे. वरच्या तीन मुळांच्या दाढेचे एखादे मूळही असेच छाटता येते. अर्थात उरणाऱ्या मुळाची मज्जा आधी काढून नलिका भरलेली असली पाहिजे. अशी अर्धी दाढ, तिची निगा ठेवली तर, अनेक वर्षे चावण्याचे काम करते, आणि दात काढण्याचा सल्ला मिळालेल्या माणसाने या मार्गाची विचारणा अवश्य करावी.

उपचार पुरा झाल्यावरही असा दात काही काळ देखरेखीखाली राहतो. पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी सफाई व सळईची मापे, आणि सहा महिने ते वर्षाच्या अंतराने क्ष-किरण चित्र, असा साधारण रिवाज आहे. हाड भरत आहे की नाही हे एका चित्रावरून कळत नाही, मागच्या व पुढच्या चित्रांची तुलना करूनच कळते. म्हणून दवाखाना बदलला तरी जुनी चित्रे, मज्जेच्या चाचणीचा निकाल आणि खळग्यांच्या मापांचा कागद घरच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तो सोबत न्यावा.